चौसष्टनं केला घात

"महंमदभाई, हे बघा. चौसष्टच्या मुळावरचा बारका तीन कुठं गेला?"

आठवीला गणित शिकवणाऱ्या यशोधरा मॅडमनी छापील प्रश्नपत्रिका छापखान्याच्या काउंटरवर ठेवली. महंमदभाईंनी मान वाकडी करून पाहिलं. सरळ पाहिलं की हल्ली मधोमध राखाडी ठिपका येई. साखरेनं डोळ्यांची पार वाट लावली होती, आणि हे बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मुलांनी वर्गमूळ काढून आठ लिहिलं. उत्तर चार होतं. हेडसर म्हणालेत, आणखी एक चूक झाली तर पेपर वराळ्याच्या नव्या छपाई सेंटरला."

शिशाचे खिळे जुळवण्यापासून आजच्या कॉम्प्युटरपर्यंत, बत्तीस वर्षं या माणसानं कामशेतात बसून शाळेचे पेपर लावले. स्वतः दहावीला गणितात नापास, तेही दोनदा! पण पेपर लावून लावून गणित अंगात मुरलं होतं. बारका आकडा दिसेनासा झाला तसे ते त्याच्यावरच रेटत होते. सत्तावीस म्हटलं की मुळावर तीनच असणार, पंचवीस म्हटलं की वर्गमूळ. अंदाज चुकायचा नाही. मेला चौसष्ट तेवढा घरभेदी निघाला. वर्गमूळ आठ, घनमूळ चार, सहावं मूळ दोन. कुठलंही काढा, पठ्ठ्या बरोबरच!

मॅडमनी फेरपरीक्षेचा कागद पुढं केला. मुळाची चिन्हं काढून त्यांनी सगळीकडं घातांक लिहिले होते, जाड पेननं, बोराएवढे.

"हे तरी दिसेल ना?"

म्हणजे यांना कळलंय. महंमदभाई ओशाळले. कागद इकडं धरला, तिकडं धरला. चौसष्ट दिसला, वर नुसतं काळं.

"न्हाई दिसत, मॅडम. तुमी उत्तर सांगा, वरचं मी लावतो."

"अहो, असं कसं?"

"सांगा तर."

"चार."

"मग एक छेद तीन." बोटं आपसूक की-बोर्डवर फिरली.

"पुन्हा चौसष्टच. उत्तर सोळा."

"घनमूळ चार, चाराचा वर्ग सोळा. दोन छेद तीन."

"एक्क्याऐंशी. उत्तर सत्तावीस."

"तीन छेद चार."

बाराच्या बारा गणितं उतरली, एकही चूक नाही. मॅडमना भरून आलं.

"मी हेडसरांशी बोलते. दर वेळी येऊन उत्तरं सांगत जाईन."

"पेपरात नुस्ती मुळंच असत्यात व्हय? इतिहासाच्या सनावळ्या कुठल्या उत्तरावरनं लावू?" महंमदभाईंनी की-बोर्ड बाजूला सारला. "लय वाईट वाटतंय, पण आता माज्या हातात काय न्हाई ऱ्हायलं."

त्यांनी ड्रॉवर चाचपून पेन ड्राइव्ह काढला. "जुने सगळे पेपर हायत ह्यात. वराळ्याला द्या."

मॅडम पायरी उतरल्या, तेवढ्यात महंमदभाईंनी हाक मारली.

"आन् त्यांना सांगा, चौसष्ट आलं की अंदाज करू नका. इचारून घ्या."

मॅडम निघाल्या. महंमदभाई मान वाकडी करून रस्त्याकडं बघत राहिले.