कोचीत आधी कोणाकडं

बोट बंदराला लागते आणि प्रवासी दिवसभरासाठी जमिनीवर उतरतात, त्या दिवसाला आमच्या धंद्यात पोर्ट डे म्हणतात. तो दिवस आखून देणं हे माझं काम. उतरल्यावर कुठं जायचं, काय बघायचं, कुठं जेवायचं आणि बोट सुटायच्या आत परत कसं यायचं. यातला शेवटचा मुद्दा सोडला तर बाकी प्रत्येक बाबतीत गिऱ्हाईक माझ्याशी वाद घालतं. नारायण पेठेत, पहिल्या मजल्यावर बसून मी लोकांना समुद्र दाखवतो. मला स्वतःला बोट लागते, पण ते आजवर कुणी विचारलेलं नाही.

वैष्णवी पहिल्यांदा आली ती नवऱ्याला घेऊन. लग्न मार्गशीर्षात झालेलं, सुट्या जुळल्या होळीच्या सुमारास. ती कर्वेनगरच्या कॉलेजात शिकून आता सॉफ्टवेअर कंपनीत लागलेली. रविराज लोणी काळभोरचा. घरचं गुलाबाचं पॉलीहाऊस आणि कॉलेजच्या पोरांना भाड्यानं दिलेल्या खोल्या बघतो. दोघांनी मुंबई, गोवा, कोची आणि परत मुंबई अशी बोट निवडली होती. मी विचारलं, पोर्ट डेला काय काय बघायचंय. ती म्हणाली, ‘‘सर, बघायचं काही नाही. आम्हाला एक जेवण पाहिजे.’’

मी सांगितलं, बोटीवर सकाळपासून रात्रीपर्यंत जेवणच असतं, उलट ते थांबवायचं कसं हा लोकांना प्रश्न पडतो. तर तिला तसलं जेवण नको होतं. दोघांनीच समोरासमोर बसायचं, कुणी वाढणार नाही, कुणी ‘अजून घ्या’ म्हणणार नाही, असं एक जेवण. लग्न झाल्यापासून ते घडलं नव्हतं. शनिवार-रविवार नव्या जोडीला जेवायला बोलावणी, आणि इतर दिवशी यांच्याच घरी पाहुणे. घर सोलापूर रस्त्याला लागून. इंदापूर-दौंडाकडून कुणी दवाखान्यासाठी, ॲडमिशनसाठी, कोर्टासाठी पुण्याला निघालं की चहाला म्हणून लोणीत उतरतं. आणि चहाला उतरलेला माणूस जेवल्याशिवाय उठला, असं त्या घरात अजून झालेलं नाही.

मी कोचीचा दिवस त्यांना मोकळा ठेवून दिला. माझ्या सगळ्या कारकिर्दीतलं सर्वांत सोपं काम.

मग रविराजनं ही गोष्ट जेवताना वडिलांना सांगितली. जयसिंगरावांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, कवा निघायचं? तिकिटं चार झाली.

पुढच्या आठवड्यात जयसिंगराव स्वतः आले, बरोबर पत्नी सोजरबाई. बाई खुर्चीत बसल्या आणि माझ्या पंख्याकडं बघत राहिल्या. बोलायचं सगळं जयसिंगरावांनीच. गोव्यात गावातल्या एकाचा ढाबा आहे, तिथं जायचं ठरलेलंच होतं. कोचीत तर त्यांचे सख्खे आतेभाऊ, उत्तरेश्वर आणि बापूराव. आत्या विट्याकडं दिलेली. तिकडची माणसं देशभर गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायच्या. त्यातले हे दोघे तरुणपणी कोचीला गेले ते तिथलेच झाले. बोट कोचीला लागते म्हटल्यावर आतेभावाच्या घरी जेवायला जायचं नाही तर उतरायचं कशाला, असा जयसिंगरावांचा सरळ सवाल होता. मी मोकळा दिवस खोडला.

दुसऱ्या दिवशी वैष्णवी एकटी आली. मी जयसिंगरावांना सांगावं की कोचीत उतरायला वेळच मिळत नाही, अशी तिची विनंती. मी म्हटलं, मी तोंडानं खोटं बोलत नाही. आमच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं तेवढं पुरतं. आणि बोट सकाळी लागून संध्याकाळी सुटते, हे दुर्दैवानं त्यात खरंच छापलं होतं.

ती उठायच्या बेतात होती. केवळ सांत्वन म्हणून मी विचारलं, हे आतेभाऊ आहेत तरी कसे. ती म्हणाली, चांगले आहेत, फक्त एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांची दुकानं एकाच गल्लीत समोरासमोर, आणि मध्ये रस्ता आहे म्हणून बरं. लग्नात एकाला मांडवाच्या या टोकाला बसवलं, दुसऱ्याला त्या टोकाला. मानाचा फेटा आधी कुणाला बांधायचा यावरून रात्रभर खल झाला. शेवटी आबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, दोन फेटेवाले उभे केले आणि ‘हं’ म्हटल्यावर दोघांनी एकाच वेळी बांधायला सुरुवात केली.

हे सांगता सांगता ती थांबली. पोरगी हुशार, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

‘‘सर, तुम्ही आबांना फोन करून फक्त एवढं विचाराल का, की कोचीत आधी कोणाकडं? म्हणजे तुम्हाला गाडी सांगायला बरं.’’

यात खोटं काहीच नव्हतं. गाडीवाल्याला पत्ता लागतोच. मी तिच्यासमोरच फोन लावला आणि अत्यंत व्यावसायिक आवाजात विचारलं, ‘‘जयसिंगराव, कोचीत आधी कोणाकडं?’’

पलीकडं जयसिंगरावांनी आधी ट्रॅक्टर बंद करायला लावला, मग ‘सांगतो’ म्हणून फोन ठेवला.

पुढचे काही दिवस जयसिंगराव मला सुचेल तेव्हा फोन करून नवा तोडगा सांगत आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच तो मोडीत काढत. उत्तरेश्वर थोरला, म्हणून आधी त्याच्याकडं. पण लग्नात बापूराव चार दिवस आधी येऊन राबला होता. दोघांना हॉटेलात बोलावावं, तर एका टेबलावर बसणार कोण? जयसिंगरावांनी एकाकडं आणि त्याच वेळी सोजरबाईंनी दुसऱ्याकडं जावं, हा तोडगा जवळजवळ पक्का झाला होता. पण मग नवरा-बायकोत बिनसलंय ही बातमी बोट मुंबईला यायच्या आत लोणीत पोचली असती. छापा-काटा करावा, हेही एकदा म्हणून झालं. आतेभावांचा निकाल नाण्यावर लावला हे कळलं तर विट्याकडं तोंड दाखवायची सोय उरली नसती.

शेवटी ते सोजरबाईंना घेऊन ऑफिसात आले, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘बोट कोचीला लागती हेच कुणाला कळू द्यायचं न्हाई.’’

आपण नवरा-बायको बोटीतच थांबणार, खोलीचा पडदा लावून. मोबाईलवर एक फोटो जाता कामा नये. पोरांना मात्र उतरू द्यावं, त्यांनी काय पाप केलंय, आणि त्यांना तिथं वळखतंय कोण. मी म्हटलं, दोघेही लग्नाला होते की, नवरीला ओळखतील. यावर सोजरबाई पहिल्यांदा बोलल्या.

‘‘लग्नात हिच्या तोंडावर एवढा मेकप हुता, की म्या पण दुसऱ्या दिवशी इचारलं, ही कोण म्हून.’’

तर मोकळा दिवस परत मोकळा झाला. आता मला एक जेवणाचं ठिकाण हवं होतं, जिथं चुकूनही गलाईवाला किंवा दुसरा कुठला मराठी माणूस फिरकत नाही. कोचीतल्या माझ्या माणसाला विचारलं. त्यानं क्षणाचाही विचार न करता खाडीपलीकडच्या वायपीन बेटावरच्या एका लहानशा हॉटेलचं नाव सांगितलं. एवढ्या झटकन उत्तर आलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी ते नाव कार्यक्रमात टाकलं, चौघांना कागद दिले आणि सुखी प्रवासाच्या शुभेच्छा दिल्या.

कोचीच्या दिवशी दुपारी डबा खाऊन मी ऑफिसातच जरा टेकलो होतो. फोन वाजला. वैष्णवी कुजबुजत होती.

‘‘सर, ते दोघंही इथं आहेत.’’

‘‘कोण दोघं?’’

‘‘आबांचे आतेभाऊ. एका टेबलावर.’’

‘‘भांडतायत?’’

‘‘नाही. थोरले धाकट्यांना मासा वाढतायत.’’

मी उठून बसलो. रविराज कुठाय असं विचारलं, तर तो हात धुवायला गेला होता आणि मघापासून धुतोच आहे असं कळलं. चूक माझी होती. जिथं मराठी माणूस जात नाही असं ठिकाण एकच असेल, तर मराठी माणसाला टाळू पाहणारे सगळे तिथंच भेटणार, हे माझ्यासारख्या माणसाला सुचायला हवं होतं. मी तिला धंद्याला शोभेलसा सल्ला दिला: मागच्या दारानं निघा, पहिली फेरीबोट पकडा, बोटीवर जा, जेवण तिथंही आहेच.

‘‘पान वाढून झालंय, सर,’’ ती म्हणाली. ‘‘मी भरल्या पानावरून उठणार नाही.’’

फोन बंद झाला. पुढचं मला ती परत आल्यावर कळलं.

ती सरळ त्या टेबलापाशी गेली. जीन्स, डोक्यावर उन्हाची टोपी. दोघा भावांनी वाढपी समजून आमटी मागवली. तिनं टोपी काढली आणि वाकली. थोरला आणि धाकटा शेजारी शेजारी बसलेले, चारी पाय एकाच टेबलाखाली. तिनं दोघांच्या बरोब्बर मध्ये नमस्कार केला. आधी कोणाला हा प्रश्न, ज्यानं तिच्या सासऱ्यांची झोप उडवली होती, तिथं असा जमिनीवरच सुटला.

‘‘काका, मी रविराजची वैष्णवी. आबा बोटीवर आहेत. तुमच्या दोघांच्या भीतीनं पडदा लावून बसलेत.’’

बापूरावांचा घास हातातच राहिला. उत्तरेश्वरांनी आधी दाराकडं बघितलं, मग भावाकडं.

‘‘आबांना काय सांगू?’’ तिनं विचारलं. ‘‘कोण कोण भेटलं म्हणून?’’

‘‘कोण भेटलं?’’ बापूराव म्हणाले. ‘‘कोण न्हाय भेटलं.’’

मग त्यांनी तिला खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. भांडण खरंच होतं, पण ते केव्हाच मिटलं होतं. मात्र भांडायच्या आधीचे दिवस दोघेही विसरले नव्हते. केरळ बघायला निघालेला प्रत्येक पाहुणा यांच्याकडं उतरायचा. मुन्नारला जाताना मुक्काम, येताना मुक्काम. पाहुण्यांचे पाहुणे यायचे, त्यांना नारळाच्या बागा दाखवायच्या, पोळ्या करून डबे भरून द्यायचे. भांडण झालं आणि हे सगळं एका सीझनमध्ये बंद पडलं. आधी कुणाच्यात उतरायचं हेच कुणाला ठरवता येईना.

‘‘आता मिटलं म्हून सांगायचं कुणाला, पोरी?’’ उत्तरेश्वर म्हणाले. ‘‘अख्खा तालुका मुक्कामाला यील.’’

म्हणजे पुण्यात ‘आधी कोणाकडं’ विचारून आपल्याला काहीतरी नवीन सुचलं असं जे वैष्णवीला आणि मला वाटत होतं, ते कोचीत कधीपासून सुरळीत चालू होतं.

रविराजला हात धुण्यातून सोडवून आणलं. आता पेच दोघा भावांचा होता. भावाची सून समोर जेवत असताना तिला वाढायचं नाही हे त्यांच्या रक्तात नव्हतं. आणि आपण इथं नाहीच, तर वाढणार कसे? बराच विचार करून दोघांनी खुर्च्या फिरवल्या आणि यांच्याकडं पाठ करून खाडीकडं तोंड केलं.

वैष्णवी आणि रविराज जेवले. लाल भात, माशाचं कालवण, पापड. कुणी वाढलं नाही. मधेच न मागवलेलं पायसम, म्हणजे तिकडची खीर, आलं, दोन वाट्या; कुणी पाठवलं असं खुणेनं विचारल्यावर वाढप्यानं खाडीकडं बघत हात हलवले. रविराजची वाटी लवकर संपली. तेव्हा वैष्णवी नकळत म्हणून गेली, ‘‘अजून थोडं घे ना,’’ आणि तिनं जीभ चावली. हे तिनंच मला सांगितलं, नाहीतर मी सांगितलं नसतं.

संध्याकाळी बोटीवर जयसिंगरावांनी विचारलं, कुणी दिसलं का? पोरं म्हणाली, कुणी नाही. जयसिंगरावांनी सुटकेचा श्वास टाकून पडदा उघडला. तोवर कोची बरीच मागं गेली होती.

हे इथंच संपायला हरकत नव्हती. पण पंधरवड्यानं सोजरबाई एकट्याच ऑफिसात आल्या. टेबलावर पॉलीहाऊसमधले गुलाब ठेवले, बसल्या आणि पंख्याकडं बघत म्हणाल्या, ‘‘त्या दोघांनी पोरीला पायसम दिलं का न्हाई?’’

मी गिऱ्हाइकांची गुपितं पाळतो, त्यामुळं गुलाब पाण्यात ठेवायला उठलो. त्यांना उत्तराची गरजही नव्हती. त्या दोन भावांच्या बायका रोज फोनवर एकमेकींशी बोलतात आणि अधूनमधून सोजरबाईंशीही. नवरे चोरून वायपीनला जेवायला जातात, हे दोघींना पहिल्यापासून ठाऊक, आणि त्यांच्यामुळं सोजरबाईंनाही. त्या दिवशी दोघी मिळून साड्या बघायला जातात. कार्यक्रमाच्या कागदावर हॉटेलचं नाव वाचलं तेव्हाच सोजरबाईंना पुढचं सगळं दिसलं होतं.

‘‘मग तुम्ही जयसिंगरावांना सांगितलं का नाही? एवढे हैराण झाले होते.’’

‘‘सांगितलं असतं तर दोन्ही घरी जेवाय लागलं असतं.’’

कोचीच्या त्या दिवशी, नवरा पडद्याआड बसला असताना, त्या डेकवर आरामखुर्चीत पडून होत्या. एक माणूस आला, त्यानं बसल्या जागी चहा आणून दिला आणि कप उचलून नेला. लग्न होऊन लोणीत आल्यापासून असं झालं नव्हतं. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच विचार चालू होता, आणि त्यासाठीच त्या आल्या होत्या.

‘‘आम्हाला बी एक भांडण पायजे.’’

मी विचारलं, कुणाशी? सुनेशी, त्या म्हणाल्या. पोरं कर्वेनगरला फ्लॅट घेऊन राहतील, तिचं ऑफिस तिकडनं जवळ. आपण लोणीत. पाहुण्याला एवढं कळायला हवं की इकडं उतरलं तर तिकडं राग येतो आणि तिकडं उतरलं तर इकडं. पुढचं पाहुणा आपलं आपण बघेल. मी म्हटलं, हे सगळं बरोबर, पण मी बोटींचे कार्यक्रम आखतो.

‘‘मग त्येच की. कुठं लागायचं, कवा सुटायचं, एवढंच सांगा.’’

जयसिंगरावांना विश्वासात घ्यायचं का, असं मी विचारलं. नाही, त्यांना ते खरंच वाटलं पाहिजे, कारण त्यांना खोटं बोलता येत नाही. राहता राहिलं भांडणाचं कारण. सून स्वयंपाक करत नाही, हे मी सुचवलं. ते लोकांना पटलं असतं, पण तिच्या आईला लागलं असतं, म्हणून बाद. जीन्स घालते, हे फार जुनं झालं. सोजरबाईंनी मला थोडा वेळ झगडू दिलं, मग पदर सावरला.

‘‘बोटीवरनं उतरून नवरा-बायको दोघंच जेवून आली, आन मला बोटीवर टाकलं. हे कारण. फकस्त कोचीचं नाव घ्यायचं न्हाई, नुसतं बंदर म्हणायचं.’’

कारण निर्दोष होतं. लोणीत कुणीही विश्वास ठेवला असता. मला एकच काळजी होती, वैष्णवीला हे चालेल का.

‘‘ह्ये कारण तिनंच काढलंय,’’ सोजरबाई म्हणाल्या.