इडलीच्या पिठाची जागा

शनिवारी सकाळी सुवर्णाने सापाच्या काचपेटीच्या तळाला तळवा टेकवला, तेव्हा काच गार लागली. पेटीखाली चिकटवलेली, विजेवर तापणारी हीट मॅट बंद पडली होती. आत पोकळ ओंडक्याच्या आडोशाला तिची काळी धामण वेटोळं करून पडली होती आणि आदल्या संध्याकाळी गिळलेल्या उंदराचा फुगवटा तिच्या अंगाच्या मध्यावर स्पष्ट दिसत होता.

एरवी घरातल्या हीटिंगवर धामणीने चार दिवस सहज काढले असते, पण भरल्या पोटी नाही. ऊब नसली की गिळलेलं पचत नाही, पोटात सडतं, आणि साप ते ओकून टाकतो. जानेवारीत ती एकदा ओकली होती. त्यानंतर ती इतकी खंगली, की पुन्हा ओकली तर वाचणं कठीण, असं प्राण्यांच्या डॉक्टरांनी सुवर्णाला सांगून ठेवलं होतं.

सुवर्णा तळघरातून वर आली. स्वयंपाकघराच्या खिडकीशी तिचा नवरा विनय आणि त्याची आई कांचन चहा पीत उभे होते. बाहेर अमेरिकेतल्या डब्लिनमधली ती सगळी गल्ली गुडघाभर बर्फाखाली गेली होती आणि गाड्यांचे नुसते पांढरे उंचवटे उरले होते.

"नवी मॅट आणायला हवी," सुवर्णा म्हणाली.

"शेरिफने लेव्हल थ्री लावलीय, रस्ते सगळ्यांना बंद. गाडी बाहेर काढली तर अटक होऊ शकते," विनय म्हणाला.

"बर्फात गाडी चालवली म्हणून?" कांचनने विचारलं. "आणि जामीन कोण देणार, मी?"

सुवर्णाने अडचण सांगितली. विनयने ती मनापासून ऐकली आणि लगेच उपाय काढला. "तिला माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेव. दोन मोठे प्रोग्रॅम एकदम लावतो. तवा होतो त्याचा."

"आणि प्रोग्रॅम संपले की?"

"माझे प्रोग्रॅम संपत नाहीत गं."

गरम पाण्याची पिशवी ठेवून पाहिली. ती आधी फार तापली आणि मग बघताबघता निवली. सुवर्णाला सौम्य, एकसारखी ऊब हवी होती. अशी ऊब त्या घरात एकाच ठिकाणी होती आणि तिकडे न बघण्याचा ती प्रयत्न करत होती.

ओव्हन बंद होता, पण त्याच्या आतला दिवा चालू होता. दिव्याच्या पिवळ्या उजेडात कांचनचं इडलीचं पीठ झाकून ठेवलेलं होतं. नागपूरहून आल्यापासून थंडीत तिचं पीठ दोनदा न फुगताच बसलं होतं, आणि चाळीस वर्षं इडल्या करणाऱ्या बाईला ते फार लागलं होतं. नुसता दिवा लावून ठेवायची युक्ती इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी तिला नुकतीच सांगितली होती.

शेवटी सुवर्णाने ओव्हनचं दार उघडून पातेल्याशेजारी थर्मामीटर ठेवला.

"काय करून राहिली गं माझ्या पिठाशी?"

"तापमान बघतेय, आई."

"किती आहे?"

"शहाऐंशी फॅरनहाइट."

"आणि तुझ्या त्या बाईला किती लागतं?"

"शहाऐंशी," सुवर्णा हळूच म्हणाली.

कांचनने कप खाली ठेवला. जानेवारीत आल्यापासून ती सापाच्या भीतीने तळघराच्या पायरीवरसुद्धा उतरली नव्हती. "एवढं मोठं घर," ती म्हणाली, "आणि दोघींना एकच खोली पाहिजे." मग तिने विचारलं, "ओकली तर जाईल?"

"बहुतेक."

"बाप्पा. पोटभर वाढायचं आणि वर मारून टाकायचं, असलं आपल्या घरात नको." तिने फडक्याने पातेलं उचललं आणि ती सरळ आपल्या खोलीकडे निघाली. "माझ्या पलंगावर विजेचं ब्लँकेट आहे. कमीवर ठेवते."

"आई, मग तू कुठे झोपणार?" विनयने विचारलं.

"पिठाशेजारी. तुझ्या बाबांपेक्षा कमी घोरेल."

सुवर्णाने झाकणाच्या प्लास्टिकच्या खोक्याला भोकं पाडली, आत टॉवेल अंथरला आणि धामणीला अलगद त्यात ठेवून खोकं दिव्यापासून दूर, खालच्या जाळीवर सरकवलं. कांचन दाराआडून बघत होती. खोक्याचं झाकण लागल्यावर ती पुढे झाली, ओव्हन तापवायची कळ ओढून काढली आणि साडीत कनवटीला खोचली.

"आई, मी इंजिनिअर आहे. मला कळतं," विनय म्हणाला.

"आत न बघता ओव्हन लावून वर पिझ्झा शोधत फिरतोस. ते मलाही कळतं."

रविवारी पीठ पातेल्याबाहेर चादरीवर आलं आणि इडल्या इतक्या हलक्या झाल्या, की कांचन स्वतःवरच खूश होऊन हसत सुटली. रस्ते मोकळे झाले, पण दुकानात मॅट संपली होती, ती मंगळवारी येणार होती. तोवर कांचनची खुर्ची ओव्हनसमोर हलली. खोकं पारदर्शक होतं. "फुगवटा मागे सरकला गं," ती दर थोड्या वेळाने वर्दी देई. नागपूरला नवऱ्याशी फोनवर तिला ओरडून बोलावं लागे: "अहो, ओव्हनमध्ये आहे ती. नाही हो, खायला नाही. राहायला."

सुवर्णा मात्र हसताहसता मध्येच बोटांवर दिवस मोजत होती. मागच्या वेळी धामण चौथ्या दिवशी ओकली होती.

मंगळवारी दुपारी कांचनची हाक आली आणि सुवर्णा धावतच खाली आली. खोक्यात धामण जीभ लवलवत ताठ मानेने बघत होती, अंग सरळसोट झालं होतं, आणि टॉवेलच्या कोपऱ्यात काळपट, पांढऱ्या टोकाची, ओली विष्ठा पडली होती. सुवर्णाने ती वाकून पाहिली, नीट पाहिली आणि फरशीवरच फतकल मारून हसू लागली. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"पचलं?"

"सगळं पचलं, आई."

कांचनने लगेच फोन उचलला. "विनय, झाली रे तिला."

"आई, मी मीटिंगमध्ये आहे."

"मग सगळ्यांना सांग."