नऊशे ऊर्जा, सहा हानी

मी एक पत्ता. रमीतला नव्हे, अंतराळयुद्धाच्या खेळातला. माझ्यावर लेझर तोफेचं चित्र आहे आणि खाली दोन आकडे: ऊर्जा नऊशे, हानी सहा. ऊर्जा म्हणजे तोफ किती ताकद ओकते. हानी म्हणजे समोरच्या यानाचे किती गुण कापले जातात.

मला घडवलं धाकटीनं. नोकरी सुटल्यावर ती थोरल्या बहिणीकडे, ताईकडे, राहायला आली आणि जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा कापून खेळ बनवू लागली. एका खेळण्यांच्या कंपनीनं तो पाहायचं कबूल केलं होतं. तिची सगळी भिस्त आम्हा पत्त्यांवर होती.

ताईचे यजमान, म्हणजे धाकटीचे दाजी, गोदामात माल तपासून घ्यायचे. खोक्यावर लिहिलेलं वजन काट्यावर पडल्याशिवाय त्यांना पटत नसे. घरातही तोच खाक्या. दूध नासलं तरी आधी संशयानं घरच्यांच्या तोंडाकडे बघायचे.

दर डावाला ते मलाच उचलत. आणि दर डावाला ताई खिळे मारणाऱ्या बंदुकीच्या पत्त्यानं त्यांचं यान फोडी. त्या बंदुकीची ऊर्जा तीस, हानी आठ! खरं सांगतो, मलाही माझी शंका येऊ लागली. मी तोफ, की नुसता बडेजाव?

एका सुट्टीच्या दुपारी दाजींनी मला खिडकीशी उजेडात धरलं. सहाच्या खाली खरवडलेला नऊ दिसला.

"खाडाखोड! माझ्याच घरात राहून मलाच फसवतेस?"

धाकटी खाली मान घालून पत्ते गोळा करू लागली.

"थांब गं," ताई म्हणाली. "अहो, तिला बोलू तरी द्या."

"दाजी, बादलीभर कोमट पाण्यात किती उष्णता असते! पण त्यात हात घातला तर तुम्ही ओरडत नाही. सुई टोचली की ओरडता. तोफेचा झोत यानाच्या अंगभर पसरतो. खिळा एकाच जागी घुसतो."

दाजींनी मला खाली ठेवलं. पण आता ताईच्याच कपाळावर आठी पडली. "मग आधी नऊ का लिहिलं होतंस?"

धाकटीनं मान वर केली. "कारण नऊ असताना जो तोफ उचलेल तोच जिंकायचा. म्हणून कमी केले. शास्त्र नंतर जुळवलं."

"म्हणजे माझा संशय खरा!" दाजी म्हणाले.

"खरा. पण तुम्हाला हरवायला नाही केलं मी ते."

दाजींना पटलं नाही. त्यांनी पेनानं माझा सहा खोडून नऊ केला आणि ताईसमोर डाव मांडला. तिसऱ्याच चालीला जिंकले. पुन्हा मांडला, पुन्हा जिंकले. तिसऱ्या वेळी ताईनं जांभई दिली, तसे ते ओशाळले.

"सहाच ठेव," ते पुटपुटले. थोड्या वेळानं म्हणाले, "आणि ते घराबद्दल बोललो ना... ते खोड."

कंपनीनं खेळ घेतला. धाकटी दुसऱ्या गावी गेली. आता चकचकीत छापील पत्ते आलेत. मी, खाडाखोडीचा, दाजींच्या चष्म्याच्या घरात राहतो.

वाचकहो, मोठा आकडा दिसला की जरूर शंका घ्या. तो काय मोजतो, कुणी लिहिला, कशासाठी लिहिला, खुशाल विचारा. फक्त उत्तर येईपर्यंत समोरच्या माणसाला चोर म्हणू नका. त्या शब्दाची हानी किती, हे कुठल्याच पत्त्यावर लिहिलेलं नसतं.