एकशे बाराव्या पानावरची ओळ

मित्रांनो, मी एक जुनी प्रेमकादंबरी आहे. घोडपदेवच्या एका छोट्या वाचनालयात माझं अख्खं आयुष्य गेलं. आता पुठ्ठा तिसऱ्यांदा बदललाय, पण एके काळी माझ्यासाठी बायका नंबर लावायच्या, बरं का! मला वाचून झालं की प्रत्येकजण एकतिसाव्या पानावर पेन्सिलीने आपली खूण करी. कुणाची फुली, कुणाची चांदणी. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी जायला नको ना! बाकी कुठे काही लिहिलंत, तर वाचनालय सांभाळणारे रामजीकाका खोडरबर घेऊन बसलेच.

माझी नायिका मनाने आजारी असते. एकशे बाराव्या पानावर नायक तिच्या गोळ्या समुद्रात भिरकावतो, "माझं प्रेम हेच तुझं औषध" म्हणतो, आणि ती खडखडीत बरी होते. त्या पानावर किती जणी रडल्या! मला केवढा अभिमान होता त्याचा.

मग प्रिती आली. तिलाही मनाचा आजार होता, पण गोळ्यांवर तिचं छान चाललं होतं. नोकरी होती, प्रफुल्लशी लग्न ठरलं होतं. आजाराचं मात्र तिने त्याला सांगितलं नव्हतं. ते पान तिने तीनदा वाचलं आणि गोळ्या बंद केल्या. उरलेली पट्टी तिथेच खुणेला ठेवली. आठवड्याभरात तिची झोप उडाली, बोलणं थांबेना. त्याच भरात तिने मला प्रफुल्लला वाचायला दिलं. पट्टी आतच राहिली.

पट्टी दिसताच तो मला घेऊन तिच्याकडे धावतच आला. "प्रिती, ह्या गोळ्या तुझ्या?"

"आता नाही लागत रे. तू आहेस ना!"

"अगं, माझ्या बाबांना शुगर आहे. आईचं प्रेम काय कमी आहे? तरी रोज इन्सुलिन घेतातच ना? चल डॉक्टरकडे, मी येतो."

मला मेलीला तोंड लपवायला जागा उरली नाही. प्रितीला सावरायला चार महिने लागले. लग्न पुढे गेलं, पण मोडलं नाही.

मला परत करताना तिने एकशे बाराव्या पानावर पेन्सिलीने लिहिलं, "हे खोटं आहे. मी करून पाहिलं. गोळ्या थांबवू नका."

रामजीकाकांनी सवयीने खोडरबर उचललं. ओळ वाचली. मग खोडरबर ठेवून पेन घेतलं आणि तीच अक्षरं सावकाश गिरवली.

मित्रांनो, आमची पानं दुमडू नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. मला घरी न्याल, तेव्हा आधी ती ओळ वाचा. माझ्यात खरी तेवढीच आहे.