पेटीचा श्वास

दवाखान्याच्या दारात माणसांवर माणसं चढली होती, पण आत पाऊल टाकायची कुणाची छाती नव्हती. टेबलाखाली कॉम्प्युटरची पेटी. तिच्यावरचा बारीक दिवा हळूहळू उजळायचा, हळूहळू मंदावायचा. वर पडदा मात्र काळाठिक्कर.

"श्वास घेतंय!" कंपाउंडर कुजबुजला. "कारकूनकाकाच ते. दम्यानं अशाच धापा टाकायचे."

कारकूनकाका जाऊन महिना झाला होता. त्यांच्या खुर्चीवर आता माझी सून बसायची. ती जेवायला उठली की यंत्र झोपी जाई, आणि परतल्यावर कीबोर्डची कितीही बटणं बडवली तरी उठत नसे. मग भिंतीवरून वीजच बंद करायची. सकाळपासून टाइप केलेलं सगळं पाण्यात. पोरगी सुकून काटकी झाली होती. खोटं कशाला सांगू, तो दिवा पाहून मीही टेबलापासून चार हात लांब राहायचो.

कंपाउंडरनं एक बाबा आणला. त्यानं पेटीला कान लावला आणि मान हलवली.

"आत्मा अडकलाय. त्याला या बाईचा हात चालत नाही. हिनं खुर्ची सोडावी. पुरावा पाहिजे? माझ्या मंत्रानं उठवतो त्याला. मिटा डोळे! जो उघडेल, त्याच्या छातीवर हा बसेल!"

सुनेनं माझी बाही घट्ट धरली. "मामंजी, माझी नोकरी गेली हो."

सगळ्यांनी डोळे मिटले. डॉक्टरीणबाईंनीसुद्धा. पण मी पडलो या दवाखान्याचा तीस वर्षांचा पहारेकरी. जग डोळे मिटतं तेव्हा आपले उघडे ठेवायचे, याचाच मी पगार खाल्ला. पापण्या थरथरल्या, मिटल्या नाहीत.

"जाग रे जाग, काचेच्या नागा!" बाबाचा मंत्र वर आणि पाय खाली. अंगठ्यानं त्यानं पेटीचं मोठं बटण दाबलं. पडदा लख्ख उजळला.

"बाबा, अंगठा दुखला नाही ना?" मी विचारलं.

"हा म्हातारा अडाणी आहे!"

"होतो. कारकूनकाकांनीच अक्षरं शिकवली."

मोठ्या बटणानं यंत्र बंदच पडतं, असं समजून आम्ही कुणी त्याला हात लावला नव्हता. सुनेनं यंत्र पुन्हा झोपवलं आणि बोटानं तेच बटण दाबलं. जागं झालं! बाबा चपला विसरून पळाला.

"पण माझ्या बटणांनी का उठत नाही?" सून म्हणाली.

मी बॅटरी घेऊन टेबलाखाली शिरलो. पेटीच्या मागे एका भोकाशेजारी चिठ्ठी चिकटवलेली. अक्षर ओळखीचं. मी एकेक शब्द लावत मोठ्यानं वाचलं: 'कीबोर्डची वायर याच भोकात. यंत्र झोपलं की बाकीच्या भोकांना वीज मिळत नाही.'

वायर दुसऱ्याच भोकात होती. काका गेल्यावर टेबल पुसताना सगळ्या वायरी मीच उपटल्या होत्या, आणि बसतील तिथे खुपसल्या होत्या.

वायर जागेवर लावली. यंत्र झोपवलं, दिवा पुन्हा धापा टाकू लागला. यंत्र झोपलंय, एवढंच तो बापडा सांगत होता. सुनेनं कीबोर्डचं एक बटण दाबलं. पडदा उजळला, आणि ती खुर्चीत मागे टेकून रडली.

भूत माझ्याच हातचं होतं. म्हणून सांगतो, घाबरायला हरकत नाही, मीही घाबरलो. पण डोळे मिटून घाबरू नका. आधी टेबलाखाली वाकून बघा.