मैनेची साक्ष

माशाचा कल्ला लालभडक होता, म्हणजे ताजा. बोटाने उचकटून मैनेने तो पाहिला आणि मग, आजवर कधी केलं नव्हतं ते, पुन्हा उचकटून पाहिला. तेव्हा स्वतःचाच असा संताप आला की मासा तिने टोपलीत आपटला.

तिला खोटी पाडून जयदेवला काय मिळायचं होतं? मामाची मर्जी, आणि मोरा बंदरातल्या चार माणसांत टेरिलिनच्या सदऱ्याला शोभेलसा मान... मुंबईला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकतो म्हणे. मामाला, गोवर्धनला, मिळायचा होता जमुनेचा खुंट : खाडीतली जाळं बांधायची जागा, जिच्यावर मैनेची ही विधवा धाकटी बहीण दोन पोरं जगवत होती. मैनेला काहीच मिळायचं नव्हतं. परवा पहाटे ओहोटीला गोवर्धन तो खुंट उपटून स्वतःचा ठोकताना तिने पाहिला, आणि काल संध्याकाळी पंचांपुढे तसं सांगितलं, एवढंच.

"मावशी, तू बघितलंस, की बघितल्यासारखं वाटलं?" मामाच्या बाजूने जयदेवने विचारलं.

"माज्या डोल्यांनी बगितलं रं!"

"काका वारल्यावर दोन महिन्यांनी ते लाँचमधून उतरताना बघितलेस, तेही याच डोळ्यांनी ना?"

वारलेला नवरा दिसल्याचं नाही म्हटलं असतं तर सुटली असती. पण तोंडून गेलं, "हां... बगितलं व्हतं."

"मंग हिचं आता कसं धरायचं?" नामदेव पंच म्हणाले, आणि सगळे जेवायला उठले.

मेल्या, अख्खी रात्र उलटल्यावर आत्ता सुचतंय मला — धक्क्यावरचा तो माणूस वळला, तेव्हा हा आपला नव्हे हे कशानं कळलं? याच डोळ्यांनी ना? चूक ज्यांनी पकडली तेच खोटे कसे? आणि लाँचवर चढताना तू विचारतोस का, ही फळी आहे की असल्यासारखी वाटते? माझ्या डोळ्यांवर एवढी शंका. मामाच्या जिभेवर एक नाही!

जमुना शेजारी येऊन बसली. मग हळूच, "अक्का... तू नक्की बगितलंस ना गो?"

"मंग काय खोटं सांगतंय?" मैना खेकसली, आणि डोळे मिटून तिने ती पहाट पुन्हा समोर आणली... धुकं, चिखल, खुंट, वाकलेली पाठ... तोंड इकडे वळलं होतं, नक्की वळलं होतं... पण आता त्या तोंडाच्या जागी काही उमटेना.

गोवर्धनला जागा मिळाली, जयदेवला मान, पंचांना वेळेवर जेवण. किंमत भरली ती दोघी बहिणींनी. जमुनेने खाडीतला खुंट दिला. मैनेजवळ ती एक पहाट होती, ती गेली.