फोटोवाल्याने ठेवलेली नावं

गल्लीतला फोटोवाला गेला तेव्हा मागे एक स्टुडिओ, दोन कॅमेरे आणि क्लाउडवर हजारो फोटो ठेवून गेला. त्या फोटोंना नावं मात्र अशी की शहाण्या माणसाने कपाळावर हात मारावा. ‘काका, पोट आत, मान बाहेर.’ ‘नवरीने आजच रुसायचं नसतं.’ गिऱ्हाइकाला हसवायला तो जे बोलायचा, तेच फोटोचं नाव. ना तारीख, ना माणसाचा पत्ता. त्याच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. ती संसारभर या एकाच गोष्टीवरून त्याच्याशी भांडली.

“अहो, उद्या तुम्ही नसलात तर मी काय शोधायचं?”

“उद्याचं उद्या बघू,” तो म्हणायचा. आणि तो उद्या एकदाचा आला.

स्टुडिओ चालवायचा तर पसारा आवरायला हवा होता. तिची धाकटी नणंद कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. तिने एक मदतनीस बसवून दिला. माणूस नव्हे, एआय. क्लाउडवरच्या फाइली उचलायच्या, योग्य फोल्डरात टाकायच्या, नावं बदलायची, एवढंच त्याचं काम.

“वहिनी, तू फक्त सांग, तो करतो,” नणंद म्हणाली. “दादाने केलेला गोंधळ निस्तरायला असाच कुणीतरी हवा होता.”

वहिनीने लिहिलं, ‘सगळ्या फोटोंना तारीख आणि प्रसंग अशी नावं दे.’ त्याने नम्रपणे विचारलं, ‘जुन्या नावांची नोंद ठेवू का?’ तिने ठसक्यात उत्तर दिलं, ‘नको. तो पसाराच नको.’ सांगकाम्याच तो, सांगितलं तसं केलं. तिचा चहा पिऊन होईपर्यंत हजारो फोटो रांगेत उभे. वहिनीला इतकं हलकं वाटलं की तिने नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून सुनावलंसुद्धा, “बघा, असं करतात.”

मग एके सकाळी कोपऱ्यावरची शिवणवाली आली. मुलगा दूरदेशी गेलेला, त्याचा लहानपणचा फोटो तिला भिंतीवर लावायचा होता.

“कुठल्या वर्षीचा?” वहिनीने विचारलं.

“वर्ष कुणाला आठवतंय! ‘दात मोजायचेत, उघड’ म्हणाले होते बघा भाऊ. मागे एकदा मी आले तेव्हा हेच सांगितलं, आणि त्यांनी लगेच काढून दिला.”

वहिनीने कॉम्प्युटरवर ते वाक्य टाकून शोधलं. काहीच सापडलं नाही. दोघी खुर्च्या ओढून बसल्या आणि शाळकरी पोरांचे फोटो एकेक करून बघत राहिल्या. दुपार टळता टळता पोरगं सापडलं, पुढचे दोन दात पडलेले, तोंड भरून हसणारं. वहिनीने त्या फोटोचं जुनं नाव स्वतःच्या हाताने परत लिहिलं. ‘दात मोजायचेत, उघड.’ लिहिताना ते वाक्य तिला नवऱ्याच्या आवाजात ऐकू आलं, तसंच खालच्या पट्टीतलं, खट्याळ. तिचा हात थांबला.

तो सदा कॅमेऱ्याच्या मागे. त्याचं बोलणं कुणी टिपून ठेवलं नव्हतं. होतं ते त्या नावांत होतं, आणि तिने ते आपल्या हाताने केर काढावा तसं काढून टाकलं होतं.

तिने नणंदेला फोन लावला. “परत आणता येतील का गं ती नावं?”

नणंदेने सगळीकडे शोधलं, कंपनीलाही विचारलं. शेवटी तिचाच आवाज चिरकला. “फोटो सगळे आहेत, वहिनी. नावं गेली. मीच बसवून दिला गं तो.”

“तू कशाला रडतेस? ‘नको’ मी म्हटलं.”

फोन ठेवून वहिनीने मदतनीसालाच विचारलं. ती सगळी वाक्यं एकट्या त्यानेच तर वाचली होती. ‘एखादं तरी आठवतंय का?’

‘क्षमा करा,’ त्याने लिहिलं. ‘आधीच्या कामातलं माझ्याजवळ काही राहत नाही. मात्र त्या कामाच्या अहवालात एक फाइल बाकी दिसते. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडी असल्याने तिचं नाव बदलता आलं नव्हतं.’

तो अहवाल तिने तेव्हा वाचलाच नव्हता. ती आतल्या खोलीत गेली. नवऱ्याचा जुना कॉम्प्युटर तो दवाखान्यात गेला त्या दिवसापासून कुणी बंद केला नव्हता. तिने धूळ पुसून पडदा जागा केला.

फोटो तिचाच होता. काउंटरमागे उभी, बोट उगारलेलं, कपाळाला आठ्या. फोटोंच्या नावांवरूनच भांडण चाललं होतं. तो क्षण तिला लख्ख आठवला. तो कॅमेऱ्यामागून बोलला होता, आणि ती हसली नव्हती. वर नाव होतं, ‘हस की गं, भांडायला आख्खं आयुष्य पडलंय.’

वहिनी त्याच्या खुर्चीत बसली आणि पोटभर रडली. मग डोळे पुसून तिने त्या फोटोसमोर हसून बघितलं. ते काही नीट जमलं नाही.

बाहेरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर मदतनीस थांबून होता. ‘ती फाइल बंद केलीत तर मी तिलाही योग्य नाव देऊ शकेन. देऊ का?’

‘नको,’ तिने लिहिलं. ‘योग्यच आहे.’